थंडीतल्या बागेतली फुलं-पानं घरात कशी मांडता? (नागपूरकरांसाठी, बाकीच्यांचंही स्वागत)

अंगणवेल (प्रतापनगर)

संक्रांत जवळ आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची ये-जा सुरू असते आणि नेमकी त्याच दिवसांत नागपुरातली बाग वर्षातल्या सगळ्यात चांगल्या रूपात असते. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना नागपूर म्हटलं की मे महिनाच आठवतो. त्यांना इथली जानेवारीतली सकाळ दाखवायला हवी. शेवंतीचा उतरता बहर, डेलिया, ॲस्टर, कॅलेंडुला, डॉग फ्लॉवर, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आलेले गुलाब, कुंपणावर कुंद.

तरी हळदीकुंकवाला कुठेही जा, टेबलावर जरबेरा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला जिप्सोफिला असतो. सीताबर्डीच्या नेताजी मार्केटमधल्या फुलवाल्यांबद्दल तक्रार नाही, हार-गजऱ्यांसाठी मीही तिथेच जाते. पण अंगणात एवढं फुललेलं असताना घरात परगावचं फूल कशाला? म्हणून हा धागा. अंगण, गच्ची, खिडकीतल्या चार कुंड्या, ज्यांच्याकडे जे असेल त्यांनी लिहा.

माझं सांगणं एकच आहे: सुरुवात पानांपासून करा, फुलं सगळ्यात शेवटी. घरच्या बागेत एका सकाळी एकाच जातीची, एकाच उंचीची वीस फुलं मिळत नाहीत. मिळतात दोन गुलाब, शेवंतीच्या तीन काड्या, एखादा डेलिया. तेवढ्यात बाजारी गुच्छाची नक्कल करायला गेलं तर झाडं बोडकी होतात आणि फुलदाणी तरीही भरत नाही. पानांचा घेर आधी उभा केला की पाच फुलांत टेबल सजतं आणि प्रत्येक फूल वेगळं दिसतं.

हे आपल्याला नवीन नाहीच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशात आपण काय ठेवतो? पाच झाडांच्या डहाळ्या. आंबा, पेरू, चिकू, डाळिंब, अशोक, अंगणात जे असेल ते. अरुंद तोंडाचं भांडं, त्यात एकमेकींना आधार देणाऱ्या डहाळ्या, मधोमध नारळाची उंची. पानांची रचना म्हणतात ती हीच. शुक्रवारी कलश हलवताना जरा पाहून ठेवा, कोणती डहाळी ताठ आहे आणि कोणती माना टाकून बसली. आंब्याची जून पानं तशीच असतात. कोवळी तांबूस पालवी मात्र लगेच लोंबते. सीताफळ थंडीत आधीच पिवळं पडून पानगळीला लागलेलं असतं, ते दिवाणखान्यासाठी नको. महिनाभर दर आठवड्याला ही परीक्षा आपोआप होत असते, तिचा उपयोग करून घ्या.

माझ्या अंगणातली भरवशाची पानं म्हणजे कामिनी, शतावरीची नाजूक जात, कुंडीतला नेफ्रोलेपिस फर्न, ड्रेसिना आणि सॉन्ग ऑफ इंडिया. कामिनीच्या फांद्यांना स्वतःचा बाक असतो, म्हणून पहिली तीच लावते. फर्नचं पान पूर्ण उलगडलेलं, गर्द हिरवं झालेलं घ्यावं. टोकाला अजून गुंडाळी असलेलं कोवळं पान टिकत नाही. फर्न, ड्रेसिना, क्रोटन यांची पानं कापल्यावर तासभर पाण्यात पूर्ण बुडवून ठेवते. त्यांच्या अंगात पाणी भरतं आणि धूळही निघते. आपल्याकडे थंडीत पाऊस जवळजवळ नसतोच, त्यामुळे पानांवर धुळीचा थर असतो आणि तो धुतल्याशिवाय खरा रंग दिसत नाही.

कापायला सकाळी जाते, ऊन चढायच्या आत, पाण्याची बादली सोबत घेऊन. परडी नाही, बादली. देठ कापला की त्याच क्षणी पाण्यात. हवेत राहिला तर कापलेल्या तोंडातून हवा आत शिरते आणि देठाच्या नळ्यांत तिचा बुडबुडा अडकतो. मग फुलदाणीत पाणी कितीही असो, फुलापर्यंत ते पोचत नाही. घरात आणल्यावर बादलीतच, पाण्याखाली, देठाचं टोक पुन्हा बोटभर तिरकं कापायचं. पाण्याखाली येणारी सगळी पानं काढून टाकायची. मग बादली तशीच न्हाणीघरासारख्या गार, अंधाऱ्या जागी तीन-चार तास ठेवायची. रचना त्यानंतर. हा विसावा पुष्कळ जण गाळतात आणि मग फूल दोन दिवसांत गेलं म्हणून बागेला दोष देतात.

तुमच्याकडे काय टिकतं, काय टिकत नाही, ते लिहा.

सदाफुली (मानेवाडा)

ताई, फार छान लिहिलंय. माझी बाल्कनी आहे, पूर्वेची. दोन प्रश्न. शेवंतीचं फूल आठवडाभर चांगलं राहतं, पण पानं तिसऱ्या दिवशीच काळपट होऊन लोंबतात, असं का? दुसरं म्हणजे शेवंतीच्या दोन कुंड्या एकाच वेळी आणल्या होत्या. आतल्या बाजूची भरभरून फुलली. बाहेरच्या कठड्याशी असलेली नुसतीच वाढते आहे, कळी म्हणून नाही. खत-पाणी दोघींना सारखंच.

गच्चीवाला (धरमपेठ)

सदाफुली, कठड्याशी रात्री रस्त्यावरचा दिवा येतो का? शेवंतीला कळ्या धरायला लांब आणि अखंड अंधारी रात्र लागते. दिवस लहान होत जातात तशी ती कळीवर येते. रात्री झाडावर उजेड पडत राहिला तर तिच्या लेखी अजून उन्हाळाच असतो, म्हणून ती पानं वाढवत बसते. पोर्चमधल्या दिव्यानेही हेच होतं. पॉइन्सेटियाची तीच सवय. पुढच्या वर्षी सप्टेंबरपासूनच ती कुंडी आत घ्या.

पानांचं म्हणाल तर शेवंतीचं फूल पानांपेक्षा जास्त टिकतं, हा तिचा स्वभावच आहे. तरी दोन गोष्टी करून बघा. काडी अगदी बुडापासून घेऊ नका. बुडाकडचा भाग लाकडासारखा झालेला असतो आणि पाणी नीट ओढत नाही. त्याच्या वर, जिथे देठ हिरवा आहे, तिथे कापा. आणि खालची निम्मी पानं आधीच उतरवून टाका. फुलाच्या लगतची चार-पाच पुरेत, हिरवेपणा दुसऱ्या झाडाच्या पानांनी आणता येतो. म्हणजे ताईंचंच म्हणणं परत आलं.

सदाफुली (मानेवाडा)

हो! बरोबर समोरच दिवा आहे. आजच कुंडी हलवते.

रामनगरची काकू

अंगणवेल, तू लिहिलंस ते वाचून आनंद झाला, पण एक विचारते. आमच्याकडे सकाळची फुलं पहिल्यांदा देवाची. माझ्या सासूबाई परडी घेऊन निघायच्या आणि परतेपर्यंत झाडावर फूल शिल्लक नसायचं. आता सून फुलदाणीसाठी काड्या कापते. मला ते आवडतं, पण सकाळी दोघी एकाच गुलाबापाशी उभ्या राहतो. तुमच्या घरात वाटणी कशी करता?

अंगणवेल (प्रतापनगर)

काकू, नमस्कार. हा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं झालं, कारण मराठी घरात फुलदाणी मागे राहते ती इथेच.

माझ्याकडे वाटणी फुलांच्या स्वभावावरून होते. जास्वंद दिवसभराचीच असते. कापून पाण्यात ठेवली काय आणि देवाला वाहिली काय, संध्याकाळी ती मिटणारच. ती देवाची. कुंद, अबोली, गोकर्ण, सदाफुली, कोरांटी यांचे देठ आखूड, ही सगळी देवघरात. झेंडूची देठ नसलेली फुलं हारात. फुलदाणीसाठी मी मागते फक्त लांब देठाची आणि पाण्यात टिकणारी: शेवंती, ॲस्टर, डेलिया, डॉग फ्लॉवर, ग्लॅडिओलस. उरला गुलाब. पूर्ण उमललेला देवाला, कारण तो उद्या पाकळ्या टाकणार. कळीच्या खालची हिरवी दलं मागे वळली आहेत आणि बाहेरची पाकळी नुकती सुटते आहे, असा गुलाब फुलदाणीला, कारण तो पाण्यात उमलायचा आहे. त्यामुळे एकाच झाडाशी दोघी उभ्या राहिल्या तरी दोघींना वेगवेगळं फूल हवं असतं.

देवघरातही चौरंगाशेजारी एक लहान गडवा ठेवून पाहा. त्यात तुळशीच्या मंजिऱ्या आणि शेवंतीची एकच काडी. सूनबाईंना तो कोपरा देऊन टाका.

रामनगरची काकू

हे पटलं. उमललेला देवाला, कळी फुलदाणीला. सुनेला वाचून दाखवते.

कण्हेरीबद्दलही कोणीतरी लिहा. आमच्या फाटकाशी गुलाबी कण्हेर आहे आणि तिच्या लांब फांद्या बघून सुनेला मोह होतो.

गच्चीवाला (धरमपेठ)

काकू, कण्हेर घरात फुलदाणीत नको. तिचं पान, फूल, काडी, चीक, सगळं विषारी, आणि काड्या ठेवलेलं पाणीही तसंच होतं. लहान मूल किंवा मांजर त्या पाण्याशी गेलं तर जिवावर बेतू शकतं. देवाला वाहिलेलं फूल वेगळं, ते कोणी तोंडात घालत नाही. जेवणाच्या टेबलावर तर अजिबात ठेवू नका. डायफेनबेकियाचं ठिपक्यांचं पान सुंदर दिसतं म्हणून लोक वापरतात, तेही तोंडात गेलं तर जीभ सुजते. घरात रांगतं मूल असेल तर ते पान टाळावं.

पॉइन्सेटियाला पांढरा चीक येतो. तो कातडीला चुरचुरतो आणि काडीचं तोंडही बंद करतो. कापल्यावर टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर काही सेकंद धरा, चीक थांबतो. मग पाण्यात ठेवा.

पऱ्हाटी (काटोल)

अंगणवेल ताई, धागा वाचून राहिलो, मस्त चालला आहे. मी काटोलकडचा, घरची संत्र्याची बाग आहे. एक गोष्ट सांगून ठेवतो. नागपुरात कित्येक घरांच्या अंगणात संत्र्याचं नाहीतर लिंबाचं झाड असते. पानं चकचकीत, सुगंधी, पाण्यात टिकतात भरपूर. म्हणून लोक हिवाळ्यात त्याच्या फांद्या तोडतात. डिसेंबर-जानेवारीत तोडू नका नं. आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आम्ही डिसेंबरात पाणी तोडून झाडाले ताण देतो, जानेवारीत ताण सोडला की नवती फुटते आणि फूल धरते. त्या काळात फांदी कापली म्हणजे पुढच्या हंगामाची संत्री कापली. अंगणातलं झाड असलं तरी त्याचंही चक्र तेच. फांदी पाहिजेच असेल तर झाडाच्या पोटातले, सरळ वर जाणारे पाणसोट घ्या. तसेही ते काढून टाकावेच लागतात. पान मोठं, रंग गर्द, आणि झाडाचं नुकसान काही नाही.

दुसरं, फुलदाणी म्हटली की फूलच पाहिजे असं काहून? आमच्याकडं या दिवसांत शेतात पऱ्हाटी उभी असते. पांढरं फुटलेलं बोंड लागलेली वाळकी काडी आणा, पाणी नको, काही नको, होळीपर्यंत तशीच राहते. सोबत ज्वारीचं कणीस, तुरीच्या शेंगांची डहाळी. विदर्भाच्या घरात याच्यापेक्षा शोभेल असं दुसरं काय आहे? फक्त बोंड नीट पाहून घ्या. पूर्ण फुटलेलं, स्वच्छ कापूस दिसणारं घ्या. अर्धवट मिटलेलं, डागाळलेलं, कवडी झालेलं बोंड घरात आणू नका. त्याच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते. आणि काम झालं की काड्या शेताच्या बाजूले फेकू नका, जाळून टाका.

अंगणवेल (प्रतापनगर)

पऱ्हाटी दादा, पाणसोटाचं सांगितलंत ते लाखमोलाचं. माझ्याकडे लिंबाचं झाड आहे, आजच बघते. कापसाच्या काड्या यंदा नक्की मांडणार. पितळेच्या भांड्यात पांढरी बोंडं कशी दिसतील ते डोळ्यांसमोर येतंय.

तुम्ही झाडाच्या चक्राचं लिहिलंत त्यावरून आठवलं. थंडीत पानं तोडतानाही हात आवरता घ्यावा. क्रोटन, अरेका, मनी प्लांट ही उष्ण हवेतली झाडं. थंडीत त्यांची वाढ मंदावते, तोडलेल्या पानाच्या जागी नवीन पान यायला फेब्रुवारी उजाडतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तशा रात्री उघड्यावरचे क्रोटन आपणहूनच पानं टाकतात. गारठ्यानं दमलेल्या झाडाकडून आणखी मागू नये. एका झाडावरून दोन-तीन पानं, मग पुढचं झाड. गुलाब मात्र उलट. त्याची काडी कापणं ही त्याची हलकी छाटणीच असते. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, वर कापा आणि खाली पाच-पाच पर्णिकांची किमान दोन पानं राहू द्या, म्हणजे तिथूनच नवा फुटवा येतो. ग्लॅडिओलसच्याही दांड्यासोबत सगळी पानं उपटू नका. चार पानं झाडावर राहिली तर खालचा कंद पोसतो.

कुंदकळी

भांड्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही. काचेची फुलदाणी सोडून काय वापरता?

गच्चीवाला (धरमपेठ)

भांड्यांवर मी तासभर बोलू शकतो. घरात जुनी पितळी आणि तांब्याची भांडी असतील तर माळ्यावरून उतरवा. गंज, गडवा, घागर, परात, सगळं चालतं. नवीन घ्यायचं तर इतवारीत भांड्यांच्या दुकानांतून फिरा, जुनी मोडीत आलेली भांडीही मिळतात. फक्त तांब्या-पितळेच्या भांड्यात फुलं टिकावीत म्हणून लिंबू घातलेलं पाणी थेट भरू नका, आंबटाने धातू कळकतो. आत काचेचा पेला किंवा बरणी ठेवा आणि पाणी त्यात. मातीच्या माठालाही तीच युक्ती, नाहीतर पाणी झिरपून खालच्या लाकडावर डाग पडतो.

उंची बघा. सरळ उभ्या भांड्यात सगळ्यात उंच फांदी साधारण भांड्याच्या दीडपट असली की डोळ्यांना बरं वाटतं. आखूड देठांच्या फुलांना रुंद तोंडाचं भांडं दिलं की ती बाहेर कलंडतात आणि लोक म्हणतात, बांधून ठेवा. बांधू नका. भांड्याचं तोंड लहान करा. तोंडावर सेलोटेपच्या उभ्या-आडव्या पट्ट्या चिकटवून जाळी करा, किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी कोंबड्यांच्या खुराड्याची तारजाळी चुरगळून आत बसवा. फुलवाले देठ खोचायला वापरतात तो हिरवा फोम मी घरात आणत नाही. तो प्लास्टिकचाच प्रकार, एकदा वापरला की कचरा, चुरा झाला की मातीत आणि नाल्यात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांतून तो बंद केला. आपल्याला तर त्याची गरजही नाही.

कुंदकळी

धन्यवाद. मी थोडं इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, शिकले आहे, म्हणून विचारलं. पानांपासून सुरुवात हे सूत्र तिथेही आहे. सोगेत्सु शाळेत, जी सोफू तेशिगाहारा यांनी १९२७ मध्ये सुरू केली, पहिल्या धड्यात तीन मुख्य रेषा शिकवतात: शिन, सोए आणि हिकाए. शिन सगळ्यात लांब, भांड्याची रुंदी आणि खोली मिळून जेवढी होते त्याच्या साधारण दीडपट. सोए तिच्या पाऊण. हिकाए सोएच्या पाऊण. पहिली जवळजवळ उभी, म्हणजे उभ्या रेषेपासून १५ अंश कललेली, दुसरी ४५, तिसरी ७५. शिन आणि सोए बहुतेक वेळा फांद्याच असतात, फूल येतं ते तिसऱ्या रेषेला. बाकीची पानं-फुलं त्यांना सोबत म्हणून, पण या तिघींपेक्षा उंच नाहीत.

नागपुरात मी शिनसाठी कामिनी किंवा बोगनवेलीची वाकडी फांदी घेते. बोगनवेल वापरायची तर तिची जवळजवळ सगळी पानं काढून फक्त रंगीत भाग ठेवावा. पानं राहिली तर ती पाणी खातात आणि रंग एका दिवसात मलूल होतो. फांद्या उभ्या करायला सुयांचं वजनदार तबक लागतं, त्याला केन्झान म्हणतात. ऑनलाइन मिळतं आणि जन्मभर पुरतं.

लाकडी फांदीचं टोक हातोड्याने ठेचावं असं पूर्वी सांगायचे. आता ते नको म्हणतात, कारण ठेचलेल्या नळ्या कुजतात आणि पाणी लवकर खराब होतं. धारदार कात्रीने तिरकं कापून टोकाला बोटभर उभी चीर द्यावी, तेवढं पुरतं.

मधुमालती

मी वाचनमात्र असते, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. पाण्यात काय घालता? कोणी ॲस्पिरिन सांगतं, कोणी नाणं, कोणी साखर.

गच्चीवाला (धरमपेठ)

गोळी आणि नाणं विसरा. कापलेल्या फुलाला तीन गोष्टी हव्यात: खायला थोडी साखर, किंचित आंबट पाणी म्हणजे ते देठात लवकर चढतं, आणि जंतू वाढू नयेत म्हणून काहीतरी. लिटरभर पाण्यात दोन लहान चमचे साखर, एक चमचा लिंबाचा रस आणि कपड्यांच्या ब्लीचचे काही थेंब. नुसती साखर घालू नका. तिच्यावर फुलाआधी जंतूच पोसतात आणि देठ बुळबुळीत होतात. ब्लीच आणि लिंबाचा रस थेट एकमेकांत कधीही ओतू नका, त्यातून विषारी वायू सुटतो. एक पाण्यात पूर्ण मिसळला की मगच दुसरा.

पाणी नळाचं घ्या, बोअरचं नको. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. आणि थंडीत पहाटे टाकीतून येणारं बर्फासारखं पाणी गुलाबाला देऊ नका. हाताला कोमट लागेल असं पाणी देठात पटकन चढतं.

अंगणवेल (प्रतापनगर)

माझ्याकडे नातवंडं टेबलाशी खेळतात, म्हणून मी ब्लीच वापरत नाही आणि साखरही नाही. रोज सकाळी पाणी बदलते, भांडं आतून घासते आणि एक दिवसाआड देठांची टोकं पुन्हा कापते. शेवंती आणि ॲस्टर आठवडाभर सहज जातात. घरच्या फुलांना एवढं पुरतं, कारण ती आपण पाच मिनिटांपूर्वी कापलेली असतात. बाजारातल्या फुलाचा अर्धा जन्म प्रवासात गेलेला असतो, औषधाची गरज त्याला जास्त.

डॉग फ्लॉवर नेहमी उभे ठेवा, बादलीतसुद्धा. आडवे पडले तर टोकं वरच्या दिशेला वळून वाकतात आणि मग सरळ होत नाहीत. दांड्यावरची खालची तिसरा हिस्सा फुलं उमलली की कापायचे. ग्लॅडिओलस त्याहून आधी, खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की. डेलियाचं उलटं आहे. तो पूर्ण उमललेलाच घ्यावा, कारण त्याची कळी पाण्यात उघडत नाही. आणि डेलिया तीन-चार दिवसांचाच पाहुणा, हे धरून चालावं.

सदाफुली (मानेवाडा)

फुलदाणी डायनिंग टेबलवर फळांच्या टोपलीशेजारी ठेवली तर चालते का? जागा तेवढीच आहे.

गच्चीवाला (धरमपेठ)

केळी, चिकू, पेरू पिकत असतील तर लांब ठेवा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने फुलं लवकर म्हातारी होतात. डॉग फ्लॉवर, स्वीट पी, कार्नेशन यांना तो सगळ्यात जास्त बाधतो, शेवंतीला फारसा नाही. चांगली संत्री इथिलीन अगदी कमी सोडतात, पण टोपलीत एक जरी हिरव्या बुरशीचं संत्र असलं तर ती बुरशी भरपूर सोडते. जानेवारीत आपल्या घरोघरी टोपलीभर संत्री असतात, तेव्हा रोज एकदा चाळून घ्या. टीव्ही आणि फ्रिजचा माथाही नको, तिथे ऊब असते. रात्री फुलदाणी व्हरांड्यात, थंडीत ठेवली तर आयुष्य दोन दिवसांनी सहज वाढतं. नागपूरच्या हिवाळ्याने फुकट दिलेलं हे शीतगृह आहे.

मधुमालती

अंगणवेल ताई, माझ्याकडे रथसप्तमीच्या आदल्या शनिवारी हळदीकुंकू आहे. साधारण तीस जणी येतील. बागेत शेवंती संपत आली, कॅलेंडुला भरपूर, ॲस्टर थोडे, दोन गुलाब. फर्न आणि कामिनी आहे. काय करू?

अंगणवेल (प्रतापनगर)

मधुमालती, तुझ्याकडे पुष्कळ आहे.

शुक्रवारी सकाळी कापणी. दुपारपर्यंत सगळं बादलीत, अंधारात. संध्याकाळी मांडणी, रात्री व्हरांड्यात. शनिवारी दुपारी आत आण.

मधल्या टेबलावर उंच काही नको. बायका समोरासमोर बसतात, बोलतात, त्यांना एकमेकींची तोंडं दिसली पाहिजेत. पितळेची परात घे, मधोमध नाही तर एका बाजूला सुयांचं तबक, नसेल तर तारजाळीचा चेंडू दगडाने दाबून. आधी कामिनीच्या तीन फांद्या, एक लांब, दोन आखूड, परातीच्या काठाबाहेर झुकणाऱ्या. मग फर्न, तळ झाकेल एवढाच. मग ॲस्टर दोन-तीनच्या पुंजक्यांनी. एकेक सुटं फूल सगळीकडे टोचू नकोस, नजर कुठे थांबतच नाही. सगळ्यात शेवटी दोन्ही गुलाब शेजारी शेजारी, एक वर एक खाली, पाण्याच्या अगदी जवळ. परातीचा उरलेला भाग नुसत्या पाण्याचा राहू दे.

कॅलेंडुला त्यात मिसळू नकोस. तो केशरी रंग ॲस्टरचा जांभळा खाऊन टाकतो. कॅलेंडुला सगळा एका गडव्यात, एकटाच, दाराशी जिथे हळदीकुंकवाचं तबक ठेवशील तिथे. कुंकवाच्या लालाशेजारी तो फार शोभतो. त्याचे देठ चिकट असतात, पाणी लवकर गढूळ होतं, तेवढं शनिवारी सकाळी बदल.

शेवंतीच्या राहिलेल्या काड्या घरात आणू नकोस. फुलं देवाला दे आणि झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाट. फेब्रुवारीत बुडाशी नवे फुटवे येतील, ते मुळासकट वेगळे करून लहान कुंड्यांत लाव. उन्हाळाभर सावलीत जपले तर पुढच्या डिसेंबरची शेवंती तीच.

मधुमालती

लिहून घेतलं. परात आजीची आहे, चिंचेने घासायला काढली. तारजाळीचा चेंडू परातीत तरंगणार नाही ना?

गच्चीवाला (धरमपेठ)

दगड आत घालूनच जाळी चुरगळा, वरून ठेवू नका. नदीतला गोटा असला तर उत्तम, दिसला तरी वाईट दिसत नाही.